दुपारी एकची मोटार

सोनईत शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. कुणाची पाळी कधी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. म्हणून जेव्हा सिंधूकाकू माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आल्या आणि इकडेतिकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "हर्षल, या आठवड्यात लाईट दिवसाची का रातची?", तेव्हाच मला वास आला.

"रातची. का वं काकू?"

"मग तुझे तात्या रोज दुपारी एकला कोनती मोटार चालू करायला जात्यात?"

तात्या म्हणजे माझे चुलते, बिभीषण. या नावाला घरभेदीपणाचा बट्टा कधीचा लागलाय. पण आमचे तात्या असे की घरातलं बाहेर सांगणार नाहीत आणि बाहेरचं घरात. तोंडच कमी. सकाळी सहाला दूध डेअरीवर फॅट काढायला बसतात. साडेआठला सुटले की गुरांचा चारा, मग पोरीला कॉलेजच्या गाडीपर्यंत सोडणं, आईच्या म्हणजे बनुआजींच्या गोळ्या, उसाला खत. पाचला पुन्हा डेअरी. या माणसाला शिंक आली तरी ती दोन कामांच्या मध्ये बसवावी लागते. असा माणूस लफडं करील तर कधी, हा मला पडलेला पहिला प्रश्न. काकूंकडे त्याचं उत्तर होतं: एक ते सव्वादोन.

"मोबाईल घरी ठिवून जात्यात. आता मोटार मोबाईलवरनंच चालू व्हती ना? मग?"

"विसरत असतील."

"रोज? बोटाला पट्टी हुती परवा. इचारलं तर म्हनं, काटा लागला. उसात काटा?" काकू आणखी जवळ सरकल्या. "आन माझ्या ट्रंकंतल्या तीन साड्या न्हाईत."

आता मात्र मीही काउंटरवरून उठलो. साड्या म्हणजे गंभीर.

विहिरीच्या वाटेवर राहात्याहून बदलून आलेल्या क्रिस्टीना टीचर भाड्याने राहतात. एकट्या. काकूंनी तपास तिथपर्यंत आधीच नेला होता. "मी दोन दिस तिच्या दारावरनं गेले. ती ड्रेसच घालती रे. साडी नेसतच न्हाई." हे सांगताना त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा निराशा जास्त होती. "चांगली हाय बाई. च्या पाजला. पन मग साड्या कुनाला?"

दुसऱ्या दिवशी एक वाजता आम्ही निघालो. मी पुढे, कारण पुरुषमाणूस. काकू माझ्या पाठीला बोट लावून, कारण मी पळून जाईन असा त्यांना संशय. उसातून वाट काढत मोटारीच्या खोलीपाशी आलो. दार आतून लावलेलं. मोटारीचा आवाज अर्थातच नव्हता. आत कुणीतरी हळू आवाजात आकडे मोजत होतं.

काकूंनी दार बडवलं. "कोन हाय आत?"

आकडे थांबले. मग तात्या म्हणाले, "मोटार बघतोय."

"लाईट न्हाई, काय बघताय तिच्यात? तोंड? उघडा आधी!"

कडी निघाली. तात्या नाकावर नवा चष्मा लावून उभे होते, हातात सुई. मागे धुऊन पुसलेल्या फरशीवर गोधडी अंथरलेली. अर्धी शिवलेली. हिरव्या, निळ्या, डाळिंबी साड्यांचे चौकोन, आणि त्यांवरून ओळीने गेलेले बारीक, सरळ टाके.

मला हसू येत होतं, पण काकूंकडे बघून मी ते गिळलं.

"हे... तुमी?"

"लहानपनी आईला सुई ओवून द्यायचो. तिनंच शिकिवलं. तिचे हात आता चालत न्हाईत, पन माझे चालतात की." तात्या चष्मा पुसायला लागले. "डेअरीवर कळलं तर लोक दूध घालायचं सोडून मला फाटक्या चड्ड्या आनून देतील."

"मग घरी शिवायची ना!"

"घरी बसलो की कुनीतरी उठिवतं. तू उठिवती, पोरगी उठिवती, म्हैस उठिवती. मोटारीला मात्र कुनी अडवत न्हाई."

काकू खाली बसल्या, गोधडी उलटून मागचे टाके तपासले, एका ठिकाणी नख लावून म्हणाल्या, "हा वाकडा गेलाय." तात्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तेवढ्यात काकूंचा हात डाळिंबी चौकोनावर थांबला.

"अहो, ही माझ्या भावानं घेतलेली!"

"सहा वर्षांत नेसली न्हाई. मला वाटलं टाकून दिलेली."

"जपून ठिवली हुती!"

लफडं निघालं असतं तर काकू एवढ्या रडल्या नसत्या, असं मला तेव्हा वाटलं. तात्या सुई हातात धरून उभेच. आता ही बया गोधडी उचलून घरी नेणार, गल्लीत दाखवणार आणि उद्यापासून तात्यांचा एक वाजायचा बंद होणार, हे मी धरून चाललो. तात्यांनीही धरलं असावं, कारण त्यांनी मुकाट्याने दोरा गुंडाळायला घेतला.

काकूंनी नाक पुसलं. "डाळिंबीचा काठ मधी घ्या. आन ही कुनाला द्यायची न्हाई. माझी."

दुसऱ्या दिवशी एक वाजता बनुआजींनी ओट्यावरून हाक मारली, "बिभीषण कुठं गेला गं?"

"मोटार चालू करायला," काकू आतून म्हणाल्या.

"लाईट तर रातची हाय ना?"

"आली असंल मधीच. बघून येत्यात."

मी ते ऐकलं आणि म्हटलं, चला, मिटलं. पण संशयाची सवय लागली की माणूस दुसऱ्याची दारं बघत बसतो. आता काकू रोज दुपारी दीडला दळणाला जातात. डबा पाच किलोचा, घरात माणसं चार. रोज कशाला दळण? आणि गिरणी तर दुपारी बंद असते.

परवा दुकानासमोरून एक स्कूटी वाकडीतिकडी गेली. पायात दळणाचा डबा, हँडलवर काकू, मागे जीव मुठीत धरून क्रिस्टीना टीचर: "ब्रेक! सिंधूताई, ब्रेक!"

गाडी माझ्या पायरीला टेकून थांबली. काकूंनी पदर सावरला, माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तात्यांनी इचारलं तर?"

"दळणाला गेल्यात," मी म्हणालो.