गोदामातली एकच मराठी बाई

केतकीची बातमी माझ्या स्क्रीनवर उघडी होती आणि माझा नुसता जळफळाट चालला होता. बातमी चांगली होती. माझ्या बीटवरची होती. आणि ती मला मिळाली नव्हती.

बीट म्हणजे वार्ताहराला वाटून दिलेलं क्षेत्र. हैदराबादच्या आमच्या इंग्रजी पेपरात खाण्यापिण्यातली भेसळ माझ्याकडे आहे. बेगम बाजारला मिरचीपूड पुरवणाऱ्या एका गोदामात रंग मिसळतात, अशी कुणकुण मला कधीची होती. मी रीतसर पत्रकाराचं कार्ड देऊन गेले. मालकाने चहा पाजला, झाडूनपुसून ठेवलेला हॉल दाखवला. पाकिटं भरणाऱ्या बायकांनी मान वर केली नाही. केतकी नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे पुण्याहून आलेली, आमच्याकडे नवीनच. ती जुना सलवार-कमीज घालून, खोटं नाव सांगून, तिथेच पाकिटं भरायच्या कामाला लागली. पत्रकार असल्याचं लपवून असं आत शिरणं म्हणजे अंडरकव्हर. सगळं डोळ्यांनी बघून आली. आणि वर तिची कॉपी, म्हणजे लिहिलेला मजकूर, तपासायला मला दिली!

मी चुका शोधायलाच बसले.

सगळ्यात जोरदार परिच्छेद एका बाईचा होता. रंग कोण आणतं, कुठे कालवतात, तपासणीवाले आले की कुठे दडवतात, सगळं तिने सांगितलं होतं. केतकीने तिचं नाव बदललं होतं. पण पुढेच लिहिलं होतं की ही बाई माझ्याशी मराठीत बोलली.

मी केतकीला हाक मारली. "त्या गोदामात मराठी बायका किती गं?"

"एकच. सुशीलाताई, नांदेडकडच्या. म्हणून तर आमचं जमलं!"

"मग मालकाला नाव कशाला हवंय?"

तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं का बोलू?

संपादक म्हणाले, मराठीचा उल्लेख काढा, विषय संपला. मी म्हटलं, एवढं आतलं सांगणारी कोण, हे मालक तरीही ओळखेल. आपण पत्रकाराशी बोलतोय हे त्या बाईला माहीतच नव्हतं. तिला विचारल्याशिवाय छापायचं नाही.

सर हसले. "मॅडम, आप जल रहे हैं."

"हौ सर, जल रइयूं. तो भी उनसे पूछना पड़ता."

आम्ही दोघी सुशीलाबाईंच्या घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजा हार. केतकीला बघताच त्यांनी तिच्यासाठी ताट घेतलं. केतकीने आपण कोण ते सांगितलं. ताट हातातच राहिलं.

"म्हंजे माझ्या डब्यात जेवली ती कोन होती?"

"मीच होते, ताई."

"माझं बोलनं काढ सगळं. ते काम गेलं तर मला दुसरं कोन देतं?"

मला राहवलं नाही. "मी कार्ड देऊन आले होते, आठवतं?"

"आठवतं की. तुमी खरं सांगितलं, म्हनून तर तुमाला काई बोलले नाई."

निघताना मी माझं कार्ड फळीवर ठेवलं.

तो परिच्छेद गेला. बातमी केतकीने स्वतः पाहिलेल्या गोष्टींवर उभी राहिली आणि पहिल्या पानावर, तिच्या नावानिशी, म्हणजे बायलाइनसह, आली. तपासणी झाली, माल जप्त झाला. मालकाचा सगळा राग कामावरून गायब झालेल्या केतकीवर निघाला. सुशीलाबाईंचं काम टिकलं. ओळख लपवून काढलेलं बोलणं त्या माणसाला विचारूनच छापायचं, हा आता आमच्याकडे नियम झालाय. नियमाला बायलाइन नसते.

परवा सुशीलाबाईंचा फोन आला. कार्ड जपून ठेवलं होतं म्हणायचं! दुसऱ्या कुठल्या गोदामाची खबर असेल म्हणून मी घाईने पेन उघडलं.

त्यांनी विचारलं, "ती पोरगी जेवते का वेळेवर?"