रिकामा व्हाइस

बंगळुरात, बसवनगुडीच्या आमच्या घरात, मागच्या बाल्कनीत बाबांचे दोन व्हाइस आहेत, वस्तू जबड्यात आवळून धरायचे लोखंडी शिकंजे. खाचेच्या जबड्यांचा नळ्या धरायला, सपाट जबड्यांचा बाकी सगळ्याला. काम संपलं की जबडे सूतभर सैल सोडायचे, हा त्यांचा कारखान्यातला नियम. नाहीतर स्क्रूचे आटे उगाच ताणात राहतात. मी कायम विसरायचे. ते मागून येऊन दांडा फिरवायचे आणि वर ऐकवायचे, “स्वल्प सैल ठेव गं!” माझं डोकंच फिरायचं.

हल्ली बाबाच विसरतात. रविवारी मी सपाट व्हाइस मुद्दाम रिकामाच आवळून ठेवला. मग एका जागी बसवेना. चारदा डोकावले, व्हाइस तसाच. पाचव्यांदा बाबा दांडा धरून उभे दिसले. हायसं वाटलं.

त्यांनी तो आणखी आवळला.