मालकांच्या पेटीला पाडलेली भोकं

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, वालचंदनगरला नोकरीला होते. ऑफिसातले जुने कॉम्प्युटर मोडीत निघाले तेव्हा त्यांनी एक घरी आणला. आडवी, जड, पिवळट पडलेली पेटी. त्यावर ते काय करायचे ते मी कधी विचारलं नाही. पुढं आम्ही बारामतीजवळ जळोचीला घर बांधलं, तिथं पेटीही आली. आधी पेटी बंद पडली, नंतर मालक गेले. पेटी टेबलावरच राहिली, कारण आमचा मुलगा कुणाला हात लावू देत नव्हता. मालक खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावायचे, ते त्यानं चालू ठेवलं.

सून लग्नाच्या व्हिडिओंची जोडणी करते. तिचा कॉम्प्युटर कामाला पुरेना. नवा घ्यायचा तर घरात तेवढंच एक टेबल.

"पेटी ऱ्हाऊ द्या. आतलं काढून नवं बसवते," ती म्हणाली.

"बाहेरून ओरखडा उठाय न्हाय पायजे," मुलगा म्हणाला.

तिनं पेटी उघडली. आत कुंकू, अक्षता, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. फ्लॉपी सारायच्या फटीतून वर्षानुवर्षं पूजा आत पडत होती.

"ह्याला ब्रश न्हाय पुरायचा, सुपली घे," मी म्हणाले.

"आत्या, आबांचा कॉम्प्युटर कशानं गेला ते कळलं का?" सून मला म्हणाली.

मुलगा उठून बाहेर गेला.

नव्या बोर्डाची भोकं जुन्या पेटीला जुळेनात. तिनं तळाला नवी पाडून बोर्ड बसवला, पंखे लावले, आणि यंत्र सुरू झालं. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं.

मग इंदापूरच्या एका लग्नाचं काम आलं. सगळी फिल्म तयार व्हायला आली की यंत्र तापायचं आणि बंद पडायचं, पुन्हा पहिल्यापासून. पंखे आत फिरत होते, पण समोरून हवा यायला फ्लॉपीच्या फटीएवढीच वाट होती. झाकण काढावं तर त्यावर कॉम्प्युटरचा पडदा ठेवलेला, आणि टेबलावर दुसरी जागा नाही. तिकडच्या फोटोग्राफरचा फोन आला, उद्या द्या, नाहीतर पुढची कामं बारामतीतल्या दुसऱ्याला देतो.

"समोर भोकं पाडावी लागतील," सून म्हणाली.

"आबांच्या वस्तूच्या तोंडाला भोकं? मी जित्ता असेस्तवर न्हाय."

"मग माझं काम बंद करा. तसं तरी सांगा."

त्यानं पेटीवर हात ठेवला. मला राग आला.

"तुझ्या बापानं विहिरीवर मोटार बसवली तवा मोटंचं काय केलं, ठावं हाय का?" मी विचारलं. "त्याच्या बापाची मोट हुती. कातडं कापून वहाणा शिवून घेतल्या आन् झिजेस्तवर घातल्या. म्हाताऱ्याला इचारलं बी न्हाय."

"खोटं."

"मी धरलं हुतं कातडं. त्यो कापत हुता."

मुलगा चपला घालून बाहेर गेला. शेजारच्या ग्रिलवाल्याकडून ड्रिल घेऊन आला. भोकं वेडीवाकडी होतील म्हणून मी ज्वारीची चाळण दिली. ती समोर धरून त्यानं पेन्सिलीनं ठिपके काढले आणि एकेक भोक पाडलं. पिवळं प्लास्टिक भुरभुर खाली पडत होतं. सुनेला त्यानं हात लावू दिला नाही. मीही म्हटलं नाही, तिलाच करू दे म्हणून.

फिल्म पूर्ण झाली. इंदापूरला ती स्वतः एसटीनं देऊन आली.

खंडेनवमीला मुलगा ताट घेऊन आला. पंखे चालू होते.

"थांबा!" सून ओरडली. "सगळं आत वढून घेईल त्ये."

तिनं यंत्र बंद केलं. त्यानं वाटीत कुंकू पाण्यानं कालवलं, उडू नये म्हणून, आणि भोकांपासून लांब, वरच्या कोपऱ्यात एक बोट लावलं. अक्षता वाहिल्याच नाहीत.

"वाळलं की चालू कर," तो म्हणाला. "तुझं काम खोळंबायला नको."