साय, लिंबू आणि चिमूटभर हळद

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि तो चहा खाली ठेवा. मागे एकीला हे सांगितलं तर तिच्या नाकातून चहा आला होता, आणि वर मलाच बोलली.

तर आधी माझे हात बघा. आता बरे आहेत. पण तेव्हा, म्हणजे आमच्या दिंद्रुडात नुकती केबल आली होती आणि किराणा दुकानांच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या तेव्हा, या हातांकडे बघवत नव्हतं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. दिवसभर हातात खडू. ती भुकटी हाताचं सगळं तेलपाणी पिऊन टाकते. त्यात घरचं धुणं, भांडी, वर हिवाळ्याचा वारा. बोटांच्या पेरांना भेगा, तळहात इतके खरखरीत की रेशमी साडीची घडी घालायला गेलं की धागे ओढले जायचे. माझी चाळिशी नुकती उलटली होती, हात मात्र साठीला टेकले होते.

आणि लग्न झालेलं नव्हतं. आई-वडील लवकर गेले, धाकट्या भावाचं, सुधाकरचं, शिक्षण करता करता माझं राहून गेलं. रडगाणं गात नाही, राहून गेलं एवढंच. सुधाकर बीडला कचेरीत लागला, त्याचा संसार मांडून झाला, आणि मग त्यानं एकच ध्यास घेतला, ताईचं लग्न. मी वरवर म्हणायची, आता कशाला, लोक हसतील. मनात मात्र तसं नव्हतं. तुमच्यापाशी कशाला लपवू?

शेवटी एक स्थळ आलं, तेलगावचं. विश्वनाथअप्पा. कापडाचं दुकान, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. या माणसानं सुधाकरला काय सांगावं? "बघायबिघायचं न्हाई, बसून बोलू. बाईंना मी पसंत हाय का, ते आधी इचारा."

मला कोण पसंत आहे, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. त्या एका वाक्यावर मी अर्धी तिकडेच गेले. वर्गात साताचा पाढा चुकले, मुलांनी सुधारला. रविवारी ते घरी येणार असं ठरलं, आणि हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मी मनातल्या मनात महादेवाला दोन-तीन सोमवार कबूलही करून टाकले.

आता यात हात कुठून आले? तर सुधाकरच्या बायकोनं आणले. मंगल स्वभावानं चांगली, पण तोंडाला कुलूप नाही. आदल्या आठवड्यात आली तेव्हा माझ्याकडे निरखून म्हणाली, "ताई, तोंडावर तुमचं वय दिसत न्हाई. हातावर लई दिसतंय. चहा देताना पदराखाली धरा हात."

झालं! आता मला सांगा, पदराखाली हात धरून चहा देता येतो का? मी रिकामी कपबशी घेऊन करून पाहिलं. कप वाचला, बशी गेली.

मग उपाय सुरू झाले. टीव्हीवरच्या बाईसारखी क्रीमची पुडी आणून लावली. वास छान आला, भेगा होत्या तिथंच राहिल्या. तेव्हा शेजारच्या गंगाबाई मदतीला धावल्या. त्यांच्याकडे म्हशी, त्यामुळे सायीला तोटा नाही. त्यांनी सांगितलं, वाटीभर साय, अर्धं लिंबू आणि चिमूटभर हळद. चिमूटभर! हे त्यांनी दोनदा सांगितलं, वर चिमूट करून दाखवली.

पण मी पडले शिक्षिका. मी विचार केला, चिमूटभर हळदीनं हात बरे होत असतील, तर तीन चमच्यांनी केवढे होतील. वर्गात प्रमाणाची गणितं मीच शिकवते, बरं का. शुक्रवारी संध्याकाळी तो सगळा लगदा हातांना थापला, वरून सुधाकरचे जुने पायमोजे चढवले आणि झोपले.

शनिवारी सकाळी मोजे काढले आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. मनगटापर्यंत पिवळेजर्द हात. भेगांमध्ये तर हळद अशी बसली होती की तळहातावर जिल्ह्याच्या नकाशातल्या नद्या उमटल्यात असं वाटावं. साबण लावला तर पिवळ्याचं तांबूस झालं. पुन्हा लिंबू चोळलं, पुन्हा पिवळं. शाळेत गेले तर हेडमास्तरांनी हात बघून खुर्ची जरा मागे घेतली आणि म्हणाले, बाई, कावीळ दिसतेय, दाखवून घ्या.

कावीळ! माझ्या डोक्यात तोच शब्द बसला. उद्या अप्पा येणार, चहा पुढे करणार ते हे असले हात. आधीच एक बायको आजारपणात गेलेली, दुसरी कशाला अशी करतील? चहा न पिताच उठून जातील. त्यापेक्षा आठवडाभर पुढं ढकललेलं बरं. थेट तेलगावला निरोप पाठवायचा तर मला लाज. म्हटलं सुधाकरला फोन करावा.

एसटी स्टँडसमोर एसटीडीचा नवा बूथ झाला होता. बूथचा मालक मन्मथअप्पा, ओळखीचा. सुधाकरच्या घरी फोन नव्हता, त्याच्या घरमालकीणकाकूंकडे होता. खूप वेळ नंबर फिरवल्यावर एकदाचा लागला, पण लाइनीत अशी खरखर की कुणी पापड भाजतंय. शिवाय काकूंना जरा कमी ऐकू यायचं. त्यामुळे मी जे बोलले ते ओरडून बोलले, आणि शनिवारचा बाजार, सगळं स्टँड भरलेलं.

मी ओरडले, "काकू, सुधाकरला सांगा, ताईचे हात पिवळे झाले. पाहुण्यांना उद्या येऊ नका म्हणावं."

पलीकडून मग काकू म्हणाल्या, "आगं माय. कवा झाले?"

"काल संध्याकाळी."

"आन् केले कुणी?"

"कुणी कशाला? माझे मीच केले."

"भावाला न सांगता?"

"त्यात सांगायचं काय, काकू? घरच्या घरी उरकलं. शेजारच्या गंगाबाई होत्या." मला वाटलं, म्हातारी उगीच चौकशा करतेय. "पण आता पस्तावलेय बघा. घासून घासून थकले, काही केल्या सुटत नाही."

काकूंचा आवाज एकदम मऊ झाला. "आता कसं सुटंल, बाई? जन्माचंच असतंय ते. नीट ऱ्हावा."

आणि फोन ठेवला. मला वाटलं, म्हातारीला त्वचेतलं काय कळतंय, हळद कधी जन्माची असते का?

बाहेर आले तर मन्मथअप्पा उठून उभा. हसून म्हणाला, "चांगलं झालं, बाई. उशिरा का हुईना, लागलं एकदाचं."

मला वाटलं फोनचं बोलतोय. मी म्हटलं, "हो ना, केव्हाची प्रयत्न करत होते."

आता तुम्हीच सांगा, याहून मूर्ख बाई तालुक्यात सापडेल का? पोरीचे हात पिवळे करायचे म्हणजे काय, हे शाळेतल्या पोरीला कळतं. आणि मी भर बाजारात, ओरडून, माझेच मी केले म्हणून सांगून आले. वर घरी येऊन निवांत वरणभात जेवले.

रविवारी सकाळी दारात सुधाकर आणि मंगल. सुधाकरचे डोळे सुजलेले, हातात नवी साडी. आत आला, खाली वाकून पाया पडला आणि स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला, "दाजी कुठं हायेत?"

मी म्हटलं, कुठले दाजी? आज कुणाला आणू नको म्हणून फोन केला होता ना?

तो खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. "ताई, तू म्हणली असतीस, हा माणूस मला पसंत हाय, तर मी न्हाई म्हणलो असतो का? माझ्यापासून कावून लपवलं?"

मी काही न कळून दोन्ही हात पुढे केले. म्हटलं, अरे, हे बघ, हे पिवळे झालेत. हळदीनं. भेगांना लावली होती.

सुधाकरनं हात बघितले. मग माझ्या तोंडाकडे. मंगलनं पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून गदगदा हलायला लागली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि कालचं फोनवरचं एकेक वाक्य कानात परत वाजायला लागलं. घरच्या घरी उरकलं. अगं आई गं!

मलाही हसू फुटणार होतं, एवढ्यात सुधाकर हळूच म्हणाला, "पर मी सकाळीच तेलगावला गेलतो. त्यांला सांगून आलो, आमच्या ताईचं लगीन झालं."

हसू तिथंच आटलं. खरं सांगते, बाप गेला तेव्हाही मी लोकांसमोर रडले नव्हते. पण त्या दिवशी पिवळ्या हातांत तोंड लपवून रडले. मंगल पाठीवरून हात फिरवत राहिली. सुधाकर म्हणत होता, आत्ता जातो, पाय धरतो. पण जाऊन सांगणार काय? माणसाला एकदा तोंडावर नाही म्हणून आल्यावर परत कोणत्या तोंडानं जायचं?

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. विश्वनाथअप्पाच. धुतलेला शर्ट, हातात नारळ आणि कागदात बांधलेलं खण-साडीचं पुडकं.

ते उंबऱ्यापाशीच थांबून म्हणाले, "आज यायचं ठरलंतं, न्हाई आलो तर बरं दिसलं नसतं. आहेर आणलाय. नवरदेव कुठं हायेत, बाईंचे?"

सुधाकर छताकडे बघत होता, मंगल परत भिंतीकडे वळली. मग मीच पुढे झाले. म्हटलं होईल ते होईल. हात त्यांच्यासमोर धरले आणि सगळं सांगितलं, मोज्यांपासून काकूंपर्यंत, रडत आणि नाक ओढत. पदराखाली हात धरायचा बेत कुठल्या कुठे गेला.

त्यांनी पुडकं काखेत धरलं, खिशातून चष्मा काढून लावला आणि माझे हात नीट बघितले, कापड बघावं तसे. त्यांची बोटं तेव्हा मला दिसली. नव्या कापडाच्या खळीनं ती माझ्यापेक्षा जास्त फुटली होती.

"धुतलं का?" त्यांनी विचारलं.

"साबणानं, लिंबानं, राखेनंसुद्धा."

"उतरत न्हाई?"

"नाही."

"पक्का रंग हाय," ते म्हणाले. "आमच्या दुकानात असा माल न्हाई." मग चष्मा काढून काखेतल्या पुडक्याकडे बघितलं. "म्हणजे लगीन झालेलं न्हाई. मग ह्यो आहेर परत न्यावा लागंल. का ठेवू?"

मी पदरानं डोळे पुसले.

"ठेवा," मी म्हटलं.

आम्ही लग्न साधंच केलं, महिनाभरात. हळद लावायला गंगाबाई आल्या, वाटीतली हळद चिमटीत धरून मला दाखवली आणि म्हणाल्या, बघा बाई, ही चिमूट. आता रोज रात्री आम्ही दोघं समोरासमोर बसून खोबरेल तेल चोळतो, ते खळीच्या भेगांना, मी खडूच्या. हात मऊ राहतात. तेवढाच उपाय होता, बाकी सगळा खटाटोप.

पण घरी कुणी पाहुणा आला की हे त्याला आवर्जून सांगतात, "मला घाई न्हवती हो. मी नुसता बोलायला निघालतो. बाईच आधी हात पिवळे करून बसलेल्या." आणि मी नाही म्हणायला तोंड उघडलं की शांतपणे म्हणतात, दिंद्रुडच्या स्टँडवर कुणालाबी इचारा.