एका घरातून एकच

खदानीच्या खाली संस्थेची पांढरी गाडी थांबली, ती खरं तर अक्काला न्यायला आलेली. तुम्ही सगळ्या आधीच आत बसलेल्या होतात, त्यामुळे बाहेर काय झालं ते तुम्हाला कधी कळलं नाही. हॉस्टेलच्या ग्रुपवर परवा कुणीतरी विचारलं, ‘पहिला दिवस आठवतो का गं?’ म्हणून लिहितेय.

शीळफाट्याच्या पुढे पोखरलेला डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी आमच्या झोपड्या. आईबाबा जालन्याकडून दगड फोडायला आलेले. संस्थेने तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग काढला होता. माझी मोठी बहीण सुनीता, आमची अक्का, त्या वर्गात सगळ्यांच्या पुढे. मॅडमना यायला उशीर झाला की तीच लहान पोरांना शिकवायची. मी तिच्या मागे बसून डुलक्या काढायचे. डोंबिवलीच्या हॉस्टेलात शिकायचं, राहायचं, सगळं फुकट. नियम एवढाच की एका घरातून एकच मूल. आमच्या घरातून अक्का ठरलेली.

त्या सकाळी आईने अक्कासाठी आणलेला फ्रॉक माझ्या अंगात घातला आणि मला मॅडमपुढे उभं केलं. फ्रॉक पार पोटऱ्यांपर्यंत लोंबत होता.

“हिला न्या,” आई म्हणाली.

“अहो, निवड सुनीताची झालीय. हुशार आहे ती.”

“म्हनून तर म्हन्ते. ती गेल्यावर सैपाक कोन करंल, बारक्याला कोन बगंल? ही कुटल्याच कामाची न्हाई. न्यायची तर हिला न्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.”

मॅडमनी गाडीकडे बघितलं. ऊन चढत होतं, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “कुणीतरी येतेय ना, झालं.” बाबा बाजूला उभे राहून मिश्री लावत होते.

अक्काने माझ्या वेण्या घातल्या, डोकं ठणकेल इतक्या घट्ट. रडली नाही. म्हणाली, “तेराचा पाढा विचारतील. तुला बाराच्या पुढं येत नाय. गाडीत पाठ कर.” मग ती भांडी घासायला बसली. गाडी वळली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. ती आमच्याकडे पाठ करून बसली होती.

तिथून डोंबिवली किती लांब, रिक्षानेही जाता येतं. पण तेवढ्या रस्त्यात माझं सगळं बदललं. पायाखाली फरशी आली, डोक्यावर पंखा आला. ‘न्हाई’ म्हटलं की ‘नाही म्हणायचं’ असं ऐकू यायला लागलं. रविवारी डोनर यायचे ते तुम्हाला आठवतच असेल. त्यांच्या मुलाचा वाढदिवस, आपण टाळ्या वाजवून गाणं म्हणायचं, आणि त्याची आई त्याला सांगायची, “बाळा, लांबूनच दे हं केक.” आपल्याला त्यात काही वाटायचं नाही. केक चांगला असायचा. सुट्टीत घरी गेले की अक्का माझी पुस्तकं मागून घ्यायची, चुलीपाशी बसून वाचायची. दोन सुट्ट्या असं झालं. तिसऱ्या सुट्टीत तिने मागितली नाहीत. तोवर ती खडी फोडायच्या क्रशरवर जायला लागली होती.

माझी दहावी झाली तेव्हा संस्थेने हॉलमध्ये सत्कार ठेवला. आईला आणि अक्काला गाडी पाठवून आणलेलं. अक्काचं लग्न झालं होतं, कडेवर वर्षाची आरती होती. आई माइकवर म्हणाली, “संस्थेनं माज्या पोरीचं सोनं केलं.” टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी एका डोनरबाईंनी अक्काकडे बघून विचारलं, “आणि ही?”

मॅडम हसून म्हणाल्या, “ही मोठी. हिला शिक्षणात रस नव्हता.”

अक्का शेजारीच उभी होती. तिने आरतीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, “हो. नव्हता.”

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नर्सिंग, मग ठाण्याचं हॉस्पिटल, घोडबंदर रोडला तिघींत भाड्याचा फ्लॅट, नाइट शिफ्ट, वीकऑफ. मागे काय झालं ते मी ग्रुपवर कधी टाकलं नाही. वर्ग बंद पडला, कारण नव्या डोनरना झाडं लावायची होती. शेडमध्ये क्रशरवाल्याने डिझेलचे पिंप ठेवले. मग खदान बंद झाली, झोपड्या नव्या रस्त्यात गेल्या. आईबाबा बारक्याला घेऊन गावी परतले. अक्काचा नवरा खोकून खोकून गेला. अक्का आरतीला घेऊन दिवा स्टेशनजवळ एका खोलीत राहायला आली, आणि खोकला तिच्यासोबत आला. तिचा एक्सरे मीच आमच्या डॉक्टरांना दाखवला. दगडाची धूळ. फुप्फुसात बसली की निघत नाही. असे पेशंट मी वॉर्डात सांभाळलेत, शेवट कसा होतो ते मला पाठ आहे.

मी मॅडमना फोन केला. त्या मायेनेच बोलल्या. “अगं कविता, हेल्थ आपल्या प्रोग्रॅममध्ये बसत नाही. आणि तुमच्या घरातून तू होतीस ना.”

ऑक्सिजनचं मशीन मग मीच भाड्याने घेतलं. गेल्या महिन्यात ते घेऊन दिव्याला गेले. युनिफॉर्मवरच होते, गळ्यात आयकार्ड. मशीन जोडत होते तेव्हा शेजारची बाई दारात आली. “कोन आहेत गं या?”

अक्काने नळी नाकात नीट बसवली. “संस्थेच्या मॅडम आहेत. मदत द्यायला येतात.” मग आरतीकडे वळली. “थँक यू म्हण मॅडमना.”

आरतीला माहीत आहे मी कोण आहे. तरी तिने हात जोडले. “थँक यू मॅडम.”

बाई गेल्यावर मी विचारलं, “अक्का, असं का सांगितलंस?”

तिला श्वास पुरत नव्हता, थांबून थांबून बोलली. “बहीण म्हटलं तर विचारतील, बहीण अशी, मग ही अशी का. त्यांना मी काय सांगू? मॅडम म्हटलं की कोण काय विचारत नाय.” तिचा चेहरा शांत होता. तिने ते मला लागावं म्हणून म्हटलेलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

तुम्ही ग्रुपवर घराची आठवण येते म्हणून लिहिता, जुने फोटो टाकता. माझं घर आता दिव्याची ती एक खोली आहे. वीकऑफला जाते, औषधं ठेवते, मशीन बघते. आरती दारापर्यंत सोडायला येते. मी तिथे जमिनीवर बसायला गेले तर अक्का बसू देत नाही. खोलीत खुर्ची एकच आहे. मी यायच्या आधी ती माझ्यासाठी पुसून ठेवलेली असते.