घडीमास्तर

मनोरुग्णालयात एकतीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या, म्हणून त्यांना सगळे घडीमास्तर म्हणायचे. टोकाला टोक, सूतभरही फरक नाही. मास्तर केव्हाच बरे झाले होते. न्यायला कुणी येत नव्हतं, एवढाच काय तो आजार.

मग वरून हुकूम आला. वॉर्ड बंद करा, म्हाताऱ्यांना घरी पाठवा, नर्सनं महिन्यातून एकदा जाऊन बघावं. ती नर्स मी. त्यांच्या धाकट्या भावाच्या मागे लागून सही मीच आणली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. गाडीत मास्तर एवढंच बोलले, "लहानपणी तो मला दादा म्हणायचा. आताही म्हणेल ना, सिस्टर?"

"म्हणेल की!" माझ्या बापाचं काय जात होतं!

पहिल्या भेटीला गेले, तर मास्तर फडक्यानं भिंतीवरचा फोटो पुसत होते. फोटोत तेच, तिशीतले. थोरला तापानं गेला, असं भावानं गल्लीत कधीच सांगून टाकलं होतं. मेलेला माणूस परत कसा आणायचा? भावजयीनं तोडगा काढला. कामाला गडी ठेवलाय म्हणायचं. मास्तर धुणीभांडी करत होते आणि भावाला साहेब म्हणत होते.

माझं डोकंच फिरलं. भावाला बाजूला घेऊन झापलं. तो शांतपणे म्हणाला, "मग न्या परत." कुठे नेणार? वॉर्डला कुलूप, खाटा भंगारात. हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या खेपेला शेजारीण बसली होती. मी भावाकडे बोट दाखवून मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "मास्तर, हे तुमचे कोण?"

मास्तरांनी भावाकडे पाहिलं. भाऊ खाली मान घालून चहा ढवळत राहिला.

"साहेब आहेत," मास्तर म्हणाले.

"असा गडी शोधून सापडायचा नाही हो," शेजारीण म्हणाली.

माझ्या फॉर्मवर दोन रकाने होते, 'कुटुंबात रुळले' आणि 'काम मिळाले'. मी दोन्हीवर खूण केली. नाहीतर भावानं त्यांना रस्त्यावर काढलं असतं. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. ऑफिसात मात्र माझं कौतुक झालं.

मास्तर दारापर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "त्याच्यावर रागावू नका, सिस्टर. म्हणतो तो दादा. पाहुणे आले की फोटो दाखवतो, 'हा माझा दादा' म्हणतो. मी तिथंच असतो, चहाचा ट्रे घेऊन."