अधिकाची उभी रेघ

ऐका हो ऐका! पानाचा तोबरा भरला असेल तर थुंकून या, पोरांना अंगणात पिटाळा, आणि नीट बसून घ्या. अत्यंत गंभीर घोषणा होत आहे — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

म्हणजे, अर्धं सांगितलंय. लग्नाच्या पंगतीत मी आमच्या राळेगावकडच्या शाळेची नक्कल करतो, ती तुम्ही पाहिली असेल. धोतराचा सोगा सावरत गुरुजी विचारतात, "क्ष म्हणजे कोण रे? तुहा मामा?" लोक पोट धरून हसतात. मग मी मठ्ठ्याचा पेला उचलतो आणि थांबतो. कुठे थांबतो, हे कुणी कधी विचारलं नाही. का विचारतील?

गुरुजींचा एक खेळ होता. अर्ध्या वर्गाने घरातली, शेतातली एखादी गोष्ट गणित म्हणून लिहून आणायची. गुरुजी तिचं समीकरण करून उरलेल्या पोरांच्या पाट्यांवर लिहायचे. मग ज्याची गोष्ट, त्याचं समीकरण — जोडी शोधायची आणि दोघांनी एका तरटावर बसायचं. दिवसभर. आता वाटतं, गुरुजींना बीजगणितापेक्षा ते तरटच शिकवायचं असावं. कारण काही पोरं तोवर दाराजवळ, वेगळीच बसायची. सुखदेव त्यांतला. आदल्या साली त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव गेले; शाळेतली जागा तीच राहिली.

त्या दिवशी तपासणीला साहेब आले होते. स्कॉलरशिपच्या परीक्षेला कोण बसणार, हे ते या खेळावरून ठरवणार होते. माझ्या पाटीवर होतं : २क्ष + ५ = ४५. सोपं. सुखदेवने उभं राहून आपली गोष्ट वाचली — दोन बायांनी सारखाच कापूस वेचला, लहान पोरीने पाच शेर वेचला, सारा मिळून पंचेचाळीस शेर भरला, तर एकेका बाईने किती?

त्या बाया म्हणजे त्याची आई आणि काकू. पोर म्हणजे त्याची बहीण. आणि शेत — आमचं.

मला कळलं. लगेच कळलं, हे लक्षात ठेवा. साहेबांशेजारी गावचे मानकरी म्हणून माझे काका बसले होते, म्हणून मी घाबरलो, असं सांगता आलं असतं. पण काका सुपारी कातरत होते. त्यांचं लक्षही नव्हतं. सुखदेव हसत माझ्याकडे येत होता. मी अंगठा जिभेला लावला आणि अधिकाच्या चिन्हातली उभी रेघ पुसली. एवढंच. अधिकाचं वजा झालं.

"नाही जुळत, साहेब," मी म्हणालो. आवाज छान लागला होता. तेव्हापासूनच लागतो माझा आवाज.

साहेबांनी पाटी पाहिली. गुरुजींनी पाहिली, खडूकडे पाहिलं — आपलीच चूक झाली की काय, अशा नजरेने. साहेब म्हणाले, "गुरुजी, पाटी तुमची चुकली. पण जुळत नाही हे या मुलाने बरोबर ओळखलं." परीक्षेला मी बसलो. सुखदेव दाराजवळ जाऊन बसला, आणि पुढच्या साली शाळेतच आला नाही. राजूरच्या कोळसा खाणीत लागला, असं नंतर ऐकलं. त्याची आई आमच्याकडे वेचायला येतच राहिली. मला "बाबू" म्हणायची.

हे सांगताना छाती भरून यावी ना? काही होत नाही. दात उपटण्याआधी हिरडी बधिर करतात, जीभ फिरवली तरी आपली वाटत नाही — तसं.

आणि एक राहिलं. मी गुपित गुपित म्हणतोय, पण ते गुपित नव्हतंच. जागेवर परत जाण्याआधी सुखदेव भर वर्गात, साहेबांसमोर बोलला होता. पोरं हसली. माझा अंगठा कुणीही पाहायला मागितला नाही. तो ओला होता, पांढरा होता. सुखदेव म्हणाला होता :

"जुळते, गुरुजी. थुंक लावून पुसलं त्यानं. त्याले माह्याजवळ बसाचं नाही."